आधी हात लाव, मग घाबर

तांडेल सर डबा उघडायचे तेव्हा स्टाफरूमची खिडकी उघडण्याचं काम माझ्याकडे असे. सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी, आठवड्यातून चार दिवस. मी नाकाला पदर लावला की सर म्हणायचे, "पाटील बाई, ह्याला विसरण म्हणतात. रेणू डब्यातून निघाले, तुमच्यापर्यंत पोचले. नववीचा धडा."

"तुमच्या रेणूंना सांगा, मराठी विभागात यायची परवानगी नाही."

मग ते चटणीचा एक घास कागदावर काढून माझ्यापुढे सरकवायचे आणि मी तो खायचे. बारा वर्षं आम्ही हेच भांडण केलं. मी मराठी शिकवते, ते विज्ञान शिकवायचे. आमची शाळा तलासरी तालुक्यात, झरीच्या अलीकडे. सर वाढवणचे, मच्छीमाराच्या घरातले. डहाणूपर्यंत स्कूटर, पुढे एसटी, आणि एसटीनं दगा दिला तर मिळेल ती जीप, असं करून ते रोज यायचे आणि डहाणूत राहणाऱ्या माझ्या आधी शाळेत हजर असायचे. ह्याचा मला मनापासून राग यायचा.

बुटका माणूस, मनगटं मात्र वल्हं मारणाऱ्याची. शर्टाच्या खिशात खडू ठेवायची सवय, त्यामुळे खिसा कायम पांढरा. गावात होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधातली सभा असली की सर रजा टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी घसा बसवून यायचे. त्या दिवशी वर्गात एक शब्द बोलायचे नाहीत, सगळं फळ्यावर लिहून शिकवायचे, आणि मुलंही का कोण जाणे, त्या दिवशी कुजबुजत बोलायची.

आमची मुलं आसपासच्या पाड्यांवरची. घरी वारली बोलणारी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती. तीन भाषा सांभाळणारी ही मुलं विज्ञानाच्या पुस्तकापुढे मात्र पार गळून जायची. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत उत्तर यायचं, "माना नाय येत, सर." मला येत नाही, एवढंच; काय नाही येत, हेसुद्धा ऐकून घ्यायची तयारी नसायची. मला ते फार ओळखीचं वाटे. मी स्वतः दहावीनंतर कला शाखेला गेले ती मराठीच्या प्रेमानं, असं सगळ्यांना सांगते. खरं कारण एवढंच की प्रयोगाच्या तासाला मी भीतीनं दाराशीच उभी राहायचे.

सर यायच्या आधी आमच्या प्रयोगशाळेचं कपाट कुलपात असायचं. प्रयोग म्हणजे शिक्षकांनी करायचा आणि मुलांनी हात पाठीमागे बांधून लांबून बघायचा. सर आले, त्यांनी किल्ली मागून घेतली, आठवीचा वर्ग आत उभा केला, एक परीक्षानळी हातात धरली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सोडून दिली. फरशीवर तिचे तुकडे झाले.

"कोण मेलं?" सरांनी विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"शाळा पडली? छप्पर उडालं? नाही ना? मग आधी हात लाव, मग घाबर. चला, दोघादोघांनी एक नळी घ्या."

तुकडे त्यांनी स्वतः झाडून गोळा केले, मुलांना हात लावू दिला नाही. आमचे मुख्याध्यापक भला माणूस, पण रजिस्टरचा माणूस. त्यांनी जडवस्तू नोंदवही पुढे केली आणि फुटण्याचं कारण लिहा म्हणाले. सरांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'अध्यापन'. त्यावर मुख्याध्यापक दोन दिवस बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी बोंबील खायला आले.

दर वर्षी जूनमध्ये सर अशी एक नळी फोडायचे. त्यातून जे घडलं ते आमच्या मुलांकडूनच घडू शकतं. एका वर्षी सर सभेसाठी रजेवर होते आणि त्यांचा प्रयोगाचा तास माझ्या गळ्यात पडला. मी आत गेले तर आठवीची पोरं टेबलाभोवती शिस्तीत उभी. टेबलावर एक परीक्षानळी, तिच्याशेजारी जास्वंदीचं फूल.

"बाई, पहिली फोडा," एक मुलगी म्हणाली.

"का गं?"

"पहिली फोडली की मग बाकीच्या नाय फुटत. सर तसाच करतात."

नांगर धरायच्या आधी, होडी लोटायच्या आधी, नवी मोटारसायकल घरी आणल्यावर नारळ फोडतात, तसंच हे, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. मी मान द्यायचा म्हणून फोडली. नंतर त्या तासाला खरोखरच एकही नळी फुटली नाही, आणि मुलांनी माझ्याकडे 'बघा, सांगितलं नव्हतं?' अशा नजरेनं पाहिलं.

सरांना सांगितल्यावर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "म्हणजे त्यांची भीती मी घालवली नाही, बाई. मी नुसता नारळ फोडणारा भगत झालो त्यांचा." पुढच्या जूनपासून नळी ते फोडत नव्हते. वर्गातला सगळ्यात घाबरट मुलगा किंवा मुलगी हेरायचे आणि नळी त्याच्या हातात देऊन म्हणायचे, "सोड." ती सोडायला पोरांना पाच-पाच मिनिटं लागायची. सर तेवढा वेळ शांतपणे खिडकीतून बाहेर बघत उभे राहायचे.

त्यांची दुसरी एक तऱ्हा होती. चाचणीचा पेपर देण्याआधी मुलांनी वरच्या कोपऱ्यात आपल्याला किती गुण पडतील ते लिहायचं. त्याचे वेगळे गुण नसायचे. तपासताना सर आधी तो कोपरा वाचायचे. विलास नावाचा एक आडदांड मुलगा नेमानं वीसपैकी वीस लिहायचा आणि त्याला सहा पडायचे. "अंदाज होता, सर," तो म्हणायचा. "तू वेधशाळेत लाग बाबा," सर म्हणायचे. विलासची त्यांना काळजी नव्हती. "हा बुडणार नाही," ते मला म्हणायचे, "आपल्याला पोहता येत नाही हे ह्याला ठाऊकच नाही. पण ही बघा."

ही म्हणजे रमिला धोडी. हडकुळी, दोन घट्ट वेण्या, बोलली तर फळ्याशी बोलल्यासारखी बोलणारी. तिच्या कोपऱ्यात कायम शून्य असे. नीट, गोल, काळजीपूर्वक काढलेलं शून्य. आणि गुण पडायचे सोळा, सतरा. पुढच्या चाचणीला पुन्हा शून्य. सर चिडायचे. "मागच्या वेळी सतरा पडले होते ना?" तर ही म्हणायची, "ते चुकून पडले."

ह्या मुलीला डहाणूला रक्त तपासणारी व्हायचं होतं. हे तिनं मला सांगितलं, सरांना नाही. तिच्या पाठच्या दोन्ही भावांना सिकलसेल हा रक्ताचा आजार. थंडी पडली की त्यांचे सांधे ठणकायचे, ताप चढायचा, आणि ही आईबरोबर त्यांना घेऊन डहाणूला जायची. तिथे काचेपलीकडे एक ताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली तिनं पाहिली होती. "बाई, तिला आमच्या भावाच्या रक्तातला दिसतं," रमिला मला म्हणाली, "आमाला नुसता रडताना दिसतो." त्यासाठी अकरावीला सायन्स लागतं, हेही तिनंच चौकशी करून ठेवलं होतं.

तिचा बाप काळूभाऊ. समंजस माणूस, थोडी भातशेती, बाकी मजुरी. त्याचं गणित सरळ होतं. सीमेपलीकडे गुजरातेत पेनांची कंपनी, पाड्यावरच्या चार मुली तिथे टोपणं लावायला जातात, बस न्यायला येते, वर पंखा असतो. दहावी झाली की रमिलानं तिकडे जावं. "पोरगी हुशार आहे म्हणता, बाई," तो मला म्हणाला, "पण ती स्वतः म्हणते, माना नाय येत. मी कोणाचा ऐकू?"

दहावीच्या सराव परीक्षेत रमिलानं विज्ञानाचा पेपर कोरा दिला. नाव, क्रमांक, कोपऱ्यात शून्य, आणि खाली काही नाही. चाळीस गुणांचा पेपर, दोन तास ती त्याच्याकडे बघत बसली होती. ह्यात चूक सरांची होती, आणि ती त्यांनी माझ्यापाशी कबूल केली. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी भर वर्गात तिला उभं केलं होतं आणि म्हणाले होते, "ही बघा, ही आपल्या शाळेचं नाव काढणार." मायेनं म्हणाले होते. पण ती मुलगी रात्रभर झोपली नव्हती. "सर बोलले ते खोटा निघेल," एवढंच ती मला हुंदके देत सांगत राहिली.

त्या संध्याकाळी सरांनी घरी जायची एसटी जाऊ दिली. स्टाफरूममध्ये डबा तसाच पडला होता. "तीस वर्षं शिकवतो मी," ते म्हणाले, "आणि पोरीच्या डोक्यावर अख्खी शाळा ठेवली." मी त्यांना चिडवलं नाही. असं फार क्वचित व्हायचं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रमिलाला शाळा सुटल्यावर परीक्षानळ्या धुवायला बोलावलं. अभ्यासाला नाही, कामाला. काळूभाऊची परवानगी काढली, आणि मी तिथेच वह्या तपासत बसायचं असं ठरलं. ती मोरीपाशी ब्रशनं नळ्या घासायची, सर टेबलाशी बसून स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायचे. "हे लोखंडाचं काय बरं होतं... मिठाच्या पाण्यात लवकर गंजतं की साध्या?" मोरीकडून आवाज यायचा, "मिठाच्या." "का बरं?" की नळ्या घासता घासता ती सगळं सांगायची, तिच्या भाषेत, अर्धं वारली अर्धं मराठी, पण मुद्द्याला मुद्दा. सर मान वर करायचे नाहीत. नुसतं लिहीत राहायचे. मला वाटलं, वेळ घालवायला रेघोट्या मारतायत.

पाचव्या दिवशी त्यांनी तिच्यापुढे एक पेपर ठेवला, त्यांच्या अक्षरातला. "एका मुलाची उत्तरपत्रिका उतरवून आणली आहे. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. तू तपासून दे."

रमिलानं तपासली. आणि काय कडक तपासली! एका ठिकाणी आकृतीला नाव नाही म्हणून अर्धा गुण कापला. एका उत्तरात कारण अपुरं म्हणून एक कापला. असं करत करत चाळीसपैकी तेहतीस दिले.

"बरा आहे मुलगा?" सरांनी विचारलं.

"हुशार आहे. पण घाई करतो."

"हे तू बोललेलं आहे, रमिला. पाच दिवस. मी फक्त लिहून घेतलं. हा सराव परीक्षेचाच पेपर आहे."

तिनं पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. मी वहीत डोकं घातलं, कारण मला रडू येत होतं आणि सरांसमोर रडले असते तर त्यांनी आयुष्यभर चिडवलं असतं. मला वाटलं, आता ही हसेल किंवा आनंदानं काही बोलेल. ती म्हणाली, "आकृतीला नाव मी सांगितलेलं. तुमी नाय लिहिला." सरांनी मुकाट्यानं अर्धा गुण वाढवून दिला.

भीती एका दिवसात गेली असं मी म्हणणार नाही. बोर्डाच्या विज्ञानाच्या पहिल्या पेपराला ती केंद्राबाहेर ओकली आणि मग आत गेली. पण लिहिलं तिनं. निकाल लागला तेव्हा विज्ञानात शंभरात एक्क्याऐंशी होते. पाड्यावर पेढे वाटले गेले, काळूभाऊनं स्वतः आणून दिले आम्हाला. आणि पेढा देता देताच म्हणाला, कंपनीची बस पंधरा तारखेपासून यायला लागेल. एक्क्याऐंशी चांगले, पण पुढे डहाणूला राहणं, दोन आजारी पोरं, आणि मुलगी तर अजूनही खाली मान घालूनच उभी. अकरावीचा फॉर्म भरायला चार दिवस उरले होते.

तांडेल सरांची नोकरी त्याच महिन्याअखेर संपत होती. त्या चार दिवसांतच पाड्यावरच्या अंगणवाडीत सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर होतं. रक्त घ्यायला येणारी गाडी वाटेत अडकली. साठ-सत्तर माणसं चटयांवर ताटकळत बसलेली, बायका लेकरं मांडीवर घेऊन. आरोग्यसेविका सरांना म्हणाली, तोवर तुम्ही आजाराची माहिती सांगा. सर उभे राहिले. गर्दीत काळूभाऊ होता, त्याची बायको होती, मागे भिंतीला टेकून रमिला होती.

सर चांगलं बोलले. रक्तपेशी कोयत्यासारखी वाकडी कशी होते ते त्यांनी हातानं दाखवलं. मग म्हणाले, "आईबाप दोघांमध्ये हा दोष लपलेला असेल, तर त्यांच्या चार मुलांतल्या एकाला हा आजार होतो."

"सर, तसा नाय."

मागून आवाज आला. आधी कोणालाच कळलं नाही कोण बोललं. रमिला भिंतीपासून सुटी झाली होती. ओढणीचं टोक मुठीत घट्ट.

"चारातला एक, असा नाय. आमी तिघं. दोघांना आहे." तिचा आवाज चिरकत होता. "तुमी नववीत पण असाच सांगितला होता. तवा माना वाटला, पुस्तक बरोबर, आमच्याच घरी काही तरी चुकला."

मी सरांकडे पाहिलं. ते दोन्ही हात लोंबते ठेवून उभे होते, चेहरा उतरलेला. काळूभाऊची बायको जमिनीकडे बघत होती. सगळा पाडा तिलाच बोलायचा, अमुक वेळी घराबाहेर पडलीस, तमुक देवाला विसरलीस.

"मग कसं आहे, सांग," सर म्हणाले.

रमिलानं दाराकडे पाहिलं. मला वाटलं संपलं, आता ही पळणार. तेवढ्यात तिनं कोपऱ्यातली पोरांच्या खेळण्याची परडी ओढली, चिंचोक्यांची. आमच्याकडे पोरं चिंचोके दगडावर घासून पांढरे करतात आणि डाव मांडतात. तिनं दोन टोपल्या घेतल्या. दोन्हींत काळे आणि पांढरे सारखे मोजून टाकले. "ही आई. हा बाप. काळा म्हंजे दोष. न बघता एक हिच्यातला काढायचा, एक त्याच्यातला. दोन्ही काळे आले तर पोर आजारी. एक काळा आला तर पोर आईबापासारखाच, दिसायला चांगला. मग चिंचोके परत टाकायचे. दर पोराला नव्यानं काढायचे. आधी काय निघाला, ते टोपलीला आठवत नाय." आणि ती थेट बापापुढे जाऊन बसली. "बाबा, काढ."

काळूभाऊनं डोळे मिटून काढले. एक काळा, एक पांढरा. रमिला म्हणाली, "ही मी." परत टाकले. पुन्हा काढले. दोन्ही काळे. परत टाकले. पुन्हा हात घातला. पुन्हा दोन्ही काळे. बायका पुढे सरकल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाय, पुन्हा?"

"होतं तसा," रमिला म्हणाली. "कोणी काय केला नाय. आईनं पण नाय."

काळूभाऊ ते दोन काळे चिंचोके तळहातावर घेऊन बघत बसला. मग ते त्यानं बायकोच्या हातात दिले. तिनं डोळ्यांना पदर लावला, आणि त्या गर्दीत मीही लावला, आणि चिडवायचं असेल त्यानं खुशाल चिडवावं.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी काळूभाऊ लेकीला घेऊन डहाणूला गेला आणि सायन्सचा फॉर्म भरून आला. कंपनीची बस आली तेव्हा त्यानं बसला हात करून पुढे जायला सांगितलं. सर महिन्याअखेर निवृत्त होऊन वाढवणला गेले. निरोप समारंभाला मला ताप होता, त्यामुळे सर आजही माझ्या डोळ्यांपुढे येतात ते त्या अंगणवाडीतलेच.

त्या दिवशी गाडी येईपर्यंत चिंचोक्यांचा खेळ थांबला नाही. ज्याला त्याला आपली पोरं काढून बघायची होती. रमिला मधोमध बसलेली, कोणी टोपलीत डोकावलं की त्याच्या हातावर चापट मारत होती. तांडेल सर कधी खाली बसले मला कळलं नाही. पुढच्या चटईवर, पोरांच्या रांगेत, मांडी घालून, गुडघ्यावर एक शेंबडं मूल घेऊन ते बसले होते. त्यांनी हात वर केला.

"बाई," ते रमिलाला म्हणाले, "एक शंका आहे."

रमिलानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "थांबा, सर. आधी ह्या आजीचा होऊ द्या."

सरांनी हात खाली घेतला आणि ते आपली पाळी येण्याची वाट बघत बसले.